अभ्यासपाठ : रानाचा नकाशा कोणाबरोबर काढायचा?



भोसरीहून नाशिक महामार्गाने निघून मंचरला घोडेगावच्या रस्त्याला वळले की साधारण शंभर किलोमीटरवर भीमाशंकर अभयारण्य लागते. १९८५ साली जाहीर झालेले हे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे रान पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरले आहे. आपण त्याला शेकरूमुळे ओळखतो. या पाठात तिथल्या वनस्पतींकडे आणि त्यांच्यासोबत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी बांधवांकडे पाहू.

१. झाडाबरोबर जागाही नोंदवा

वनस्पतींची नुसती यादी केली तर नावे उरतात. जागा वाचली तर वनस्पती वाचतात. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे दाट रान वेगळे, ओढ्याकाठ वेगळा, कडा वेगळा आणि उघडा सडा वेगळा. म्हणून प्रत्येक ठिकाणी उतार, माती, पाणी, सोबतची झाडे आणि फुलण्याचा महिना लिहावा. मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात. बाकीचे पायी फिरून आणि विचारून कळते.

२. एकाच ऋतूत पाहू नका

एप्रिलमध्ये सडा म्हणजे नुसता कातळ दिसतो. त्या दिवसांत नकाशा काढणारा तिथे ‘पडीक’ असे लिहून मोकळा होतो. पावसाळा सरताना अशाच कातळावर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. ‘पडीक’ म्हणून तिथे खड्डे खणून रोपे लावली, तर झाडे लावण्याच्या चांगल्या हेतूनेच ही फुले नाहीशी होतील. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, असे निदान दोनदा तरी जावे.

३. देवराईचा धडा

डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजूबाजूचे रान तुटले तरी लोकांनी राखल्यामुळे देवराईत जुनी झाडे आणि मोठ्या वेली टिकल्या, हे त्यातून पुढे आले. आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावची देवराई प्रसिद्ध आहे. देवराई ही गावाच्या श्रद्धेची जागा आहे. तिथे पाहुण्यासारखे जावे, विचारल्याशिवाय पानही तोडू नये.

४. हिरडा : रान आणि रोजीरोटी

कोवळे फळ काढून वाळवले की बाळहिरडा होतो. औषधासाठी त्याला मागणी असते आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील अनेक घरांत रोख पैसा त्यातूनच येतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी लोकांना अनेक वर्षे झगडावे लागले. कोणत्या गावात किती झाडे, कोण वेचते, याची नोंद हाताशी असली तर गाऱ्हाणे मांडायला आधार मिळतो.

५. नोंद गावाच्या हाती

जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकांच्या माहितीवरून नोंदवही तयार करते. वनहक्क कायदा, २००६ अभयारण्यांनाही लागू आहे. त्यात सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेमार्फत मागता येतो. या दोन्ही कामांत गावकऱ्यांना फक्त वाटाडे समजून चालणार नाही. कोणता कंद कुठे येतो, हे बहुधा तिथल्या आजीला कागदापेक्षा जास्त ठाऊक असते. तिची माहिती तिच्या संमतीने लिहावी आणि नोंदीची प्रत गावातच ठेवावी.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्नरच्या शिवनेरीच्या कड्यांवर वाढणारी शिंदळमाकुडी फार दुर्मीळ आहे. अशा वनस्पतींची नेमकी जागा जाहीर झाली, तर हौशी संग्राहक तिथवर पोहोचतात. लोकांसमोरच्या नकाशात मोघम परिसर दाखवावा. नेमकी खूण गाव आणि वन विभाग यांच्याकडे असावी.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपण मदत म्हणून रोपे पाठवतो, तेव्हा ती कुठे लागणार हे गावाला विचारतो का?

२. आदिवासी बांधवांकडून घेतलेली माहिती आपण त्यांना परत कशी देऊ?

३. पुढच्या भेटीला जाताना वाटण्याच्या वस्तूंसोबत एक कोरी वही न्यावी आणि ती गावातच ठेवून यावी. पहिल्या पानावर काय लिहायचे, हे कोण ठरवील?