नितळ पाणी आणि निर्धोक पाणी

धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की पहिली चौकशी होते ती पाणी किती आहे याची. ते कसे आहे, हा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा येतच नाही. अवर्षणाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या मुलखात हे स्वाभाविकच होय. तथापि टंचाई आणि दूषितता ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. विहीर आटू लागली की तळाचे पाणी गढूळ होते व त्यातील क्षारांचे प्रमाण वाढू शकते. टँकर, टाकी आणि घरातील पिंप असा प्रवास लांबला की पाणी हाताळले जाते आणि ते दूषित होण्याचे प्रसंगही वाढतात.

काळ्या पाषाणातील वाटा

तेरणा, मांजरा, सीना व बोरी यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा, म्हणजेच काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. ज्या वाटांनी पावसाचे पाणी खाली उतरते, त्याच वाटांनी उकिरड्याचा, गटाराचा आणि शेतातील नत्रखतांचा अंशही विहिरीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच येथील भूजलात नायट्रेट हा लक्ष ठेवण्याजोगा घटक ठरला आहे.

भारतीय मानकानुसार (आय. एस. १०५००) पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ती १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. नायट्रेटला मात्र अशी सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतील वरचे दूध घेणाऱ्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्यामुळे घटते व त्वचा निळसर पडते. नायट्रेटला रंग, वास वा चव नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट वाफ गेल्यावर त्याचे प्रमाण किंचित वाढते. ब्लिचिंग पावडरचाही त्यावर उपयोग होत नाही. प्रयोगशाळेतील तपासणी आणि आवश्यक तेथे पर्यायी स्रोत, हाच त्यावरील मार्ग होय.

जंतूंवरील उपाय

अतिसार, विषमज्वर, कावीळ यांसारख्या रोगांच्या जंतूंची गोष्ट निराळी. येथे क्लोरिन प्रभावी ठरतो. मात्र मात्रा मोजून द्यावी लागते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ०.७८५ ने गुणावे, म्हणजे पाणी घनमीटरमध्ये मिळते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असल्यास ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. स्वच्छ पाण्याच्या १,००० लिटरना चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर, या हिशेबाने तेथे सुमारे ९५ ग्रॅम पावडर लागेल. पाणी गढूळ असल्यास मात्रा चाचणी घेऊन ठरवावी. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि तासाभरानेच पाणी भरावे. ओलसर जागी उघडी राहिलेली पावडर निकामी होते, याचे भान साठवण करणाऱ्याने ठेवावे. अखेरच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन आढळला पाहिजे.

नारूचा धडा

हे सारे खेड्यांना साधेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी नारूचे उदाहरण आठवावे. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरे, त्याच्या पायातील कृमी पाण्यात अळ्या सोडी, त्या सूक्ष्म जलकीटकांत वाढत आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. या रोगावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. पायविहिरी बंद करून पाणी शेंदण्याची सोय करणे, दाट कापडाने पाणी गाळणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे, अशा साधनांवर लढा दिला गेला. देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

कर्तव्यांची वाटणी

ग्रामपंचायतीने स्रोताभोवतीचे उकिरडे, शोषखड्डे व जनावरांचे गोठे दूर हलवावेत, गळक्या जलवाहिन्या त्वरित दुरुस्त कराव्यात आणि जलसुरक्षकाची रोजची क्लोरिन नोंद मासिक सभेत वाचली जाईल असे पाहावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणानुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात रूढ आहे. लाल कार्ड मिळाले म्हणजे साथ येण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळाली, असे समजावे. अधिकाऱ्यांनी तपासणीचा अहवाल दप्तरात न ठेवता त्याचा अर्थ गावाला समजेल अशा भाषेत फलकावर लावावा. शिक्षकांना जिवाणू तपासणीची कुपी वर्गात वापरता येईल. दूषित पाण्याने ती एकदोन दिवसांत काळी पडलेली मुलांनी पाहिली, की पिंपात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घेण्याचा आग्रह तीच घरी धरतील.

पाणी नितळ आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. ते निर्धोक आहे की नाही हे तपासणीच सांगते. आणि ती करवून घेणे प्रत्येक गावाच्या हाती आहे.