कोळी लोकांच्या बोटी पावसाळ्यात बंद का?

आपल्या ठाणे जिल्ह्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. तिथे उत्तन हे कोळी लोकांचे मोठे गाव आहे. तिकडे डोल जाळी लावतात. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखे जाळे. ते ओढत नेत नाहीत, खोल पाण्यात बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या जोराने बोंबील, जवळा आपोआप आत शिरतात.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्राच्या बोटींना सरकारची बंदी असते. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ मासे अंडी घालतात. अंड्याची मासळीच धरली तर पुढे पिल्ले कुठून होणार?

मग दोन महिने घर कसे चालवायचे? त्याची तयारी उन्हाळ्यातच होते. बांबूंवर दोऱ्या बांधून उंच वलांडी करतात. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून त्यावर टांगतात. उन्हाने ते खडखडीत वाळतात. हे काम जास्त करून बायकाच करतात आणि बाजारात विकायलाही त्याच बसतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर माल कुजतो. आपण मात्र सुक्या बोंबलाचा भाव पाडून मागतो!

डोलीच्या शेपटाची भोके बारीक असतात, म्हणून पापलेटची पिल्लेही त्यात सापडतात. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. बोटाएवढे पापलेट घरी आणले तर ताटात काटेच येतात, आणि मोठे पापलेट दिसायचेही बंद होईल.

बंदीत कोळी लोक जाळी दुरुस्त करतात, बोटी रंगवतात. १ ऑगस्टपासून परत समुद्रावर जायला मोकळीक असते.