पेटंट : उद्योगाची अमूर्त मालमत्ता

कारखान्यासाठी कर्ज मागण्यास आलेल्या उद्योजकाची कागदपत्रे तपासताना जमीन, इमारत, यंत्रसामग्री आणि मालसाठा यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. या वस्तू डोळ्यांनी पाहता येतात, त्यांचे मूल्यांकन करून घेता येते आणि वेळ आल्यास त्या विकताही येतात. मात्र अनेकदा कारखान्याचे खरे बळ यंत्रांत नसून ती यंत्रे चालविण्याच्या एखाद्या नव्या रीतीत असते. अशा रीतीला किंवा वस्तूला कायद्याने दिलेले संरक्षण म्हणजे पेटंट, अर्थात एकस्व. संशोधकाने आपल्या शोधाचा संपूर्ण तपशील जाहीर करावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तो शोध वापरण्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क त्याला द्यावयाचा, असा हा करार होय. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे होते.

पेटंट म्हटले की मोठ्या औषध कंपन्या आणि परदेशी प्रयोगशाळा नजरेसमोर येतात. परंतु भारतात या विषयावरील पायाभूत मानला जाणारा निकाल साध्या स्वयंपाकाच्या भांड्यांविषयी आहे. मिर्झापूर येथे पितळी व जर्मन सिल्व्हरची भांडी तयार करणाऱ्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भागीदारी पेढीने भांडे लेथवर घट्ट धरून ते घासण्याची व चकचकीत करण्याची एक पद्धत शोधल्याचा दावा केला. या पद्धतीने काम जलद व सुरक्षित होते आणि सफाईही चांगली येते, असे तिचे म्हणणे होते. डिसेंबर १९५१ पासून तिला पेटंट मिळाले. त्याच गावातील विश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही प्रतिस्पर्धी पेढी तीच पद्धत वापरीत असल्याचे दिसताच प्रकरण न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. खंडपीठाने तो निर्णय फिरविला. आणि अखेर डिसेंबर १९७८ मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्दच ठरविले.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : भांडे लेथच्या दोन टोकांमध्ये दाबून धरण्याचे तत्त्व पूर्वीपासून माहीत होते. त्यात एखादा दांडा किंवा जोडसुटा भाग वाढविणे ही कारखान्यातील नेहमीची सुधारणा होय. तिला शोध म्हणता येणार नाही. त्या धंद्यातील जाणकारासमोर तोच प्रश्न ठेवला असता प्रचलित ज्ञानाच्या आधारे तो सहजच या उत्तरापाशी पोहोचला असता काय, ही कसोटी येथे लावली गेली, आणि आजही याच कसोटीवर अर्ज पारखले जातात. दुसरा मुद्दा अर्जाच्या लेखनाचा होता. आपल्या पद्धतीत नवे नेमके काय, हे अर्जदाराने स्पष्टपणे मांडलेलेच नव्हते. तिसरा मुद्दा व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा : पेटंट कार्यालयाने प्रमाणपत्र दिले म्हणजे ते न्यायालयात टिकेलच, अशी कोणतीही हमी कायदा देत नाही.

या प्रकरणाकडे हिशेबनिसाच्या नजरेनेही पाहावे. त्या काळी १९११ चा कायदा लागू होता व पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. म्हणजे १९५१ चे पेटंट १९६७ मध्येच संपावयाचे होते. अंतिम निकाल लागला तो त्यानंतर ११ वर्षांनी. एका छोट्या पेढीने यात किती वेळ आणि पैसा घातला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

या निकालापूर्वीच देशाचा कायदा बदलला होता. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालात भारतातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या मालकीची असून त्यांतील बहुतेकांचे उत्पादन येथे होतच नाही, हे दाखवून दिले होते. त्याच विचारातून १९७० चा पेटंट कायदा आला व १९७२ पासून अमलात आला. औषधे व खाद्यपदार्थ यांच्या बाबतीत वस्तूला नव्हे, तर केवळ ती तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट देण्याची त्यातील तरतूद भारतीय औषधउद्योगाच्या उभारणीस मोठा हातभार लावणारी ठरली. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने बनविण्याची मुभा त्यामुळे मिळाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून वस्तूलाही पेटंट देणे भाग पडले. संसदेने त्याच वेळी कलम ३ मधील ‘ड’ उपकलम कडक केले : माहीत असलेल्या पदार्थाचे केवळ नवे रूप पुरेसे नाही, त्याची परिणामकारकता वाढलेली दिसली पाहिजे.

या उपकलमाची परीक्षा नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’ या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या निमित्ताने झाली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाचे नवे स्फटिकरूप शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते, एवढे दाखविणे पुरेसे नाही. रोग बरा करण्याच्या दृष्टीने ते अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध व्हावयास हवे, असे न्यायालयाने सांगितले. पितळी भांडे असो वा कर्करोगाची गोळी, थोडीशी सुधारणा आणि खरा शोध यांतील फरक भारतीय कायदा काटेकोरपणे पाहतो. काही उद्योजकांना ही कठोरता जाचक वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र विकसनशील देशातील छोट्या उद्योगाचे हित तीतच आहे, कारण सैल कायद्याचा पहिला लाभ वकिलांची फौज बाळगणाऱ्यालाच होतो.

हळदीची कथा मराठी वाचकांस परिचित आहे. जखमा बऱ्या करण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, दिल्लीत मुख्यालय असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या लिखित पुराव्यांच्या आधारे १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. आजीबाईचा बटवा लिहून ठेवलेला होता, म्हणून तो उपयोगी पडला.

आता आपल्या ग्राहकांसाठी काही व्यवहारातील गोष्टी. दिल्ली, नोएडा, गुडगाव किंवा फरिदाबाद येथे व्यवसाय करणाऱ्या अर्जदारांसाठी द्वारका येथील पेटंट कार्यालय आहे. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांचे कार्यालय मुंबईस आहे. शोध प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा ग्राहकास दाखविण्यापूर्वी अर्ज करणे सर्वांत सुरक्षित, कारण एकदा जाहीर झालेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही. तयारी अपुरी असल्यास तात्पुरते विवरण दाखल करून संपूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये, तर मोठ्या कंपन्यांना ८,००० रुपये आहे. अर्ज तपासण्याची विनंती मात्र वेगळी करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनुसार नव्या अर्जांसाठी तिची मुदत ३१ महिन्यांची आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. निव्वळ व्यवसायपद्धतीला किंवा केवळ संगणक प्रणालीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, हे गुडगावच्या तरुण उद्योजकांनी विशेष ध्यानात घ्यावे. भारतातील पेटंट भारतापुरतेच असते, हेही निर्यातदारांनी विसरू नये.

बँकेच्या कर्मचाऱ्यांना या कायद्यातील कलम ६८ उपयोगी आहे. पेटंटचे हस्तांतर, परवाना किंवा गहाण लेखी असल्याशिवाय वैध ठरत नाही, आणि अशा हक्काची नोंद पेटंट नोंदवहीत करून घ्यावी लागते. २००२ च्या सरफेसी कायद्यानेही ‘मालमत्ता’ या व्याख्येत पेटंट, ट्रेडमार्क व तांत्रिक ज्ञान यांचा समावेश केला आहे. तरीही तारण म्हणून अशी मालमत्ता स्वीकारताना बँका हात आखडता घेतात, आणि त्यास कारण आहे. एका बंद पडलेल्या विमान कंपनीची गहाण बोधचिन्हे २०१६ मध्ये लिलावास काढली असता एकही बोली आली नव्हती. पेटंटबाबत आणखी एक धोका असतो. तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क वेळेवर भरले नाही तर पेटंट संपुष्टात येते. नंतर १८ महिन्यांत ते पुनर्स्थापित करण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असे नाही. नोंदवही सर्वांस पाहण्यासाठी खुली आहे. कर्जखात्याचा वार्षिक आढावा घेताना विम्याच्या पावतीबरोबर ही नोंदही अधिकाऱ्याने तपासून फाइलला लावावी.