आवाज ऐकू या, आवाज पाहू या

लग्नात आणि जत्रेत तुम्ही मोठे कर्णे पाहिले असतील. बारीक आवाज एवढा मोठा कसा होतो बरे? आम्हालाही हाच प्रश्न पडला. म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी गुरुजींच्या मदतीने छोटा ॲम्प्लिफायर तयार केला व त्याला आवाजाबरोबर लुकलुकणारा दिवा जोडला. दिवा कशाला? तर आमच्या वर्गातील एका मित्राला फार कमी ऐकू येते. हलगीचा ठेका त्याला डोळ्यांनी दिसावा, असे आम्हाला वाटले.

आवाज मोठा होतो म्हणजे काय?

पैठणच्या नाथसागराचे पाणी डाव्या कालव्याने आपल्या भागात येते. हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. कालव्याचे दार माणूस चाक फिरवून उघडतो. जोर थोडाच लागतो, पण पाणी धो धो येते. ते पाणी काही त्याच्या हातातून येत नाही, धरणातून येते. ॲम्प्लिफायरचे तसेच आहे. मोबाईलमधून येणारी बारीक वीज म्हणजे चाक फिरवणारा हात, बॅटरी म्हणजे धरण आणि ट्रान्झिस्टर म्हणजे दार. पहिला ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी बनवला. आमच्या आय.सी.च्या नखाएवढ्या तुकड्यात असे अनेक ट्रान्झिस्टर आहेत. ती आवाजाच्या विजेचा दाब २० पट करते.

साहित्य : एल.एम. ३८६ आय.सी., ९ व्होल्टची बॅटरी, ८ ओहमचा स्पीकर, १० किलोओहमचा व्हॉल्यूम, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बी.सी. ५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहम व ४७० ओहमचे रेझिस्टर, लाल एलईडी, जुन्या इअरफोनची पिनसह वायर, ब्रेडबोर्ड.

कृती :
१) आय.सी.ची खाच वर धरा. डावीकडे वरून खाली १ ते ४ व उजवीकडे खालून वर ५ ते ८ असे पाय मोजा.
२) बॅटरीचे धन टोक पाय ६ ला आणि ऋण टोक पाय २ व ४ ला जोडा.
३) इअरफोनची आवाजाची एक तार व्हॉल्यूमच्या एका कडेला, दुसरी कडा व इअरफोनची सामाईक तार ऋणाला आणि व्हॉल्यूमचा मधला पाय आय.सी.च्या पाय ३ ला जोडा.
४) पाय ५ ला कपॅसिटरचे धन टोक, त्याच्या दुसऱ्या टोकाला स्पीकर व स्पीकरचे उरलेले टोक ऋणाला.
५) ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे करा. डावा पाय एलईडीच्या आखूड पायाला, उजवा ऋणाला. मधला पाय १ किलोओहममधून कपॅसिटर व स्पीकर जुळतात तिथे जोडा.
६) एलईडीचा लांब पाय ४७० ओहममधून धन टोकाला जोडा.

आमची चूक

पहिल्या दिवशी दिवा लगेच लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मित्रही हसला. पण गुरुजी म्हणाले, "अरे, मोबाईल तर बंद आहे! मग हा दिवा कोणता आवाज दाखवतोय?" आम्ही गप्पच झालो. आम्हाला ऐकू येते, म्हणून चूक कळली असती. त्याला मात्र तो दिवा खोटेच सांगत राहिला असता.

मग शोधाशोध केली. आम्ही दिव्याची तार कपॅसिटरच्या अलीकडे, थेट पाय ५ ला लावली होती. तिथे आवाज नसतानाही बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्ट दाब असतो. कपॅसिटर हा स्थिर दाब अडवतो व फक्त हलणारा, म्हणजे आवाजाचा दाब पुढे सोडतो. तार पलीकडे लावली आणि हलगी लावली. थाप पडली की दिवा लखकन लागे, थाप थांबली की विझे. मित्राने एक हात स्पीकरवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बाकावर बरोबर ठेका धरला!

हिशोब : लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट राहतात. ९ − २ = ७ व्होल्ट. ७ ÷ ४७० = सुमारे ०.०१५ अँपिअर. एवढी वीज दिव्याला पुरते. रेझिस्टर नसेल तर दिवा जळेल.

सूचना : हा प्रयोग बॅटरीवरच करा. घरातल्या बोर्डाच्या विजेला हात लावू नका. सुरुवातीला आवाज कमी ठेवा.

पालकांनो, यंत्र आमच्या वर्गात मांडले आहे. जरूर पाहावे. आणि आधी मोबाईल बंद करून दिवा विझतो का, तेही तपासावे!