मोडी लिपीची शाळेंत सक्ती असावी काय?

मुक्ताईनगरच्या एखाद्या घरीं आजोबांच्या पेटींत जमिनीचा मोडी कागद सांपडला, तर बांध कोणाचा हें जाणावयास परक्याकडे जावें लागतें. मोडी ही आपली धांवती लिपि. आधीं ओळ आंखून, तिच्याखालीं हात फारसा न उचलतां लिहावयाची. विल्यम केरी ह्यांचा मराठी कोश १८१० सालीं मोडी टाइपांतच छापिला गेला. पुढें छापखान्यांत बाळबोध रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनहि मोडी गेली.

मग ती सर्व मुलांवर लादावी काय? नको; बाळबोध व इंग्रजी ह्यांचाच भार पुष्कळ आहे. परंतु ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणारी ही लिपि सरावावांचून वाचतां येत नाहीं. म्हणून गांवोगांवीं निदान दोघां-तिघां मुलांस ती स्वखुषीनें शिकवावी. आपल्या शेताचा पुरावा सर्वस्वीं दुसऱ्याच्या जिभेवर सोंपविणें बरें नव्हे.