पैठणहून निघालेले सोळा विद्यार्थी



आपले पैठण म्हणजे पाली ग्रंथांतील पतिठ्ठान. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात या नगरीचे नाव येते. गोदावरीकाठी बावरी नावाचा वृद्ध आचार्य राहत असे. 'तुझे मस्तक फुटेल' असा शाप एकाने दिल्यामुळे तो भयभीत झाला. खरे काय ते भगवान बुद्धांना विचारावे म्हणून त्याने आपले सोळा शिष्य पाठविले. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, सावत्थी, वेसाली अशी मजल मारीत ते मगधात पोहोचले. तथागतांनी सांगितले की, अविद्या हेच ते मस्तक आणि विद्येनेच ते फुटते. शापाची भीती तेथेच संपली.

पुढे सोळाही जणांनी आपापले प्रश्न विचारले. त्यांच्यातील पिंगिय म्हातारा होता, शरीराने थकलेला, दृष्टीने अधू. तरी तो गोदातीरी परत आला व जे ऐकले ते त्याने आपल्या आचार्याला सांगितले.

वाचकहो, आपला आजचा पाठ पिंगियाच्या या परतण्यात आहे.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. मराठवाड्यातील आपली मुले तेथे शिकली. पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांना दुःखाने म्हणावे लागले की, शिकलेल्यांनी मला दगा दिला, ते आपलेच पोट भरण्यात गुंतले. हा ठपका आपल्या घरावर येऊ द्यायचा का?

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बँकेचा कागद आला की, वडील तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या ओट्यावर ताटकळत बसत. आजही आपल्या वस्तीत असे वडील आहेत. आपला मुलगा, आपली मुलगी त्यांच्याकडे जाऊन कागद वाचून दाखवू शकते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देऊ शकते. विहारात संध्याकाळी तासभर बसून पहिली-दुसरीच्या पोरांकडून बाराखडी, पाढे म्हणवून घेऊ शकते.

आई-वडील म्हणतील, "यात मुलांचा अभ्यास बुडेल." मी शिक्षक म्हणून सांगतो, बुडत नाही. दुसऱ्याला शिकविलेला धडा आपलाही पक्का होतो. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून वर्षाला १२० तासांची सेवा अपेक्षित असते. आठवड्याला अडीच तासही भरत नाहीत! त्यासाठी कॉलेजात जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आणि मुलींना यातून वगळू नका.

धम्मात दानाला मोठे स्थान आहे. आपल्यापाशी पैसा थोडा असेल, पण घरात अक्षर आले आहे. त्याचे दान करू या.

या रविवारी मुलांना जवळ बसवून पिंगियाची गोष्ट सांगा. मग विचारा, "बाळांनो, तुम्ही शिकलात ते वस्तीत कोणाला सांगितलेत?"

भवतु सब्ब मंगलम्.