दिलेल्या अक्षरांवरून लांब इंग्रजी शब्द कसा शोधावा?



इंग्रजीचा धडा वाचताना दहा-बारा अक्षरांचा शब्द आला की आपली बरीच मुले तो नुसती नजरेने ओलांडून पुढे जातात आणि मागच्या-पुढच्या वाक्यावरून अर्थ जमवून घेतात. धड्यात हे खपून जाते, स्पर्धा परीक्षेत खपत नाही. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याला असे शब्द कानावरून येतात. ज्याच्या घरी ते नाही, त्याला शब्द अक्षरांवरूनच ओळखावा लागतो. म्हणून आम्ही येथे एक खेळवजा अभ्यास मांडत आहोत. साहित्य फक्त वही, पेन्सिल आणि घरातला किंवा वाचनालयातला एक शब्दकोश. अक्षरांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीतच लिहावी.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. प्रश्न दोन तऱ्हेचे असतात. एकात दिलेल्या अक्षरांबाहेर जाण्यास मनाई असते. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एखादा मोठा शब्द देऊन त्यातील अक्षरांपासून किमान तीन अक्षरांचे चार शब्द करावयास सांगतात, ते या जातीचे. दुसऱ्यात दिलेली सर्व अक्षरे शब्दात आली पाहिजेत, बाकी आणखी कितीही चालतील. लांब शब्द सापडतात ते या दुसऱ्या प्रकारात.

पहिल्या प्रकाराचे एकच उदाहरण घेऊ. 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणजे संविधान. या शब्दाची अक्षरे बारा: सी एक, ओ दोन, एन दोन, एस एक, टी तीन, आय दोन, यू एक. यातून 'युनिट', 'कॉइन', 'युनियन', 'नोशन', 'ट्यूशन' हे शब्द सहज निघतात. 'इन्स्टिट्यूशन'ही निघतो असे वाटते, पण निघत नाही. त्यात आय तीन लागतात आणि आपल्याजवळ आहेत दोनच. गुण जातात ते अशाच ठिकाणी. म्हणून अक्षरांची मोजणी आधी मांडावी आणि शब्द लिहिताना वापरलेल्या अक्षरावर पेन्सिलीने रेघ मारत जावे.

आता दुसरा प्रकार. समजा सात अक्षरे दिली आहेत: ए, ई, जी, आय, एन, आर, टी. तेवढ्याच अक्षरांत 'ग्रॅनाइट' हा दगड होतो, 'टेअरिंग' होतो आणि कृतघ्न माणसासाठी असलेला 'इन्ग्रेट' हा शब्दही होतो. पण आपल्याला लांब शब्द हवा आहे. अशा वेळी शब्दाचे डोके शोधत बसू नये, आधी शेपूट पाहावे. इंग्रजीतील लांब शब्दांची शेपटे ठरावीक असतात. त्यातले अतिशय उपयोगी शेपूट म्हणजे ए-टी-आय-ओ-एन, ज्याचा उच्चार आपण 'एशन' करतो. ते जोडताच आपली ए, टी, आय, एन ही चार अक्षरे एका झटक्यात खपली. उरली ई, जी आणि आर. ती पुढे बसवून पाहा. 'जनरेशन' झाला, दहा अक्षरे. मागे आर-ई लावून 'रिजनरेशन', बारा. 'रेफ्रिजरेशन', तेरा. 'इंटिग्रेशन' अकरा अक्षरांचा, आणि त्याला डी-आय-एस हा उपसर्ग लावला की 'डिसइंटिग्रेशन', चौदा अक्षरांचा.

याच सात अक्षरांत 'सेग्रिगेशन' आणि 'काँग्रिगेशन' हेही बसतात. या दोघांच्या पोटात लॅटिन भाषेतील 'ग्रेक्स' म्हणजे कळप हा शब्द आहे. कळपापासून वेगळे काढणे ते सेग्रिगेशन, कळप एकत्र येणे ते काँग्रिगेशन. 'इंटिग्रेशन' निघाला तो 'इंटिजर' म्हणजे अखंड या शब्दापासून. गणितात आपण त्याला पूर्णांक म्हणतो. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याची जी पद्धत होती तिचे नाव सेग्रिगेशन. ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरवली, आणि मुलांना एकत्र बसवण्याला नाव मिळाले इंटिग्रेशन. परस्परविरोधी असे हे दोन शब्द एकाच सात अक्षरांतून निघतात! मूळ कळले की स्पेलिंग घोकावे लागत नाही, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

दिलेल्या अक्षरांत एखादे दुर्मिळ अक्षर असेल तर शेपटाच्याही आधी त्याच्याकडे पाहावे. इंग्रजीत ई सर्वाधिक वापरले जाते. म्हणून तारायंत्राच्या मोर्स लिपीत त्याला नुसते एक टिंब दिले आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पकाराने वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून एक खेळ तयार केला, त्याला १९४८ साली 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले. त्याच्या इंग्रजी संचातील शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, तर जे, के, क्यू, एक्स आणि झेड एकेकच. आपण याचा फायदा घ्यायचा. दुर्मिळ अक्षराला जागा थोड्या असतात, त्यामुळे शोध आखूड होतो. क्यूच्या मागोमाग बहुधा यू येणारच. एक्स पुष्कळदा ई-एक्स या जोडीने आरंभी येतो.

एक्स, पी, एम, टी ही चार अक्षरे घ्या. ई-एक्सने सुरुवात केली, त्याला पी जोडला. एम आणि टी दिसताच एम-ई-एन-टी हे शेपूट आठवले पाहिजे. मध्ये ई-आर-आय घातले की 'एक्सपेरिमेंट' तयार. त्याला पुन्हा 'एशन' जोडा: 'एक्सपेरिमेंटेशन', पंधरा अक्षरे. शब्दकोश एकदाही न उघडता.

पाचही स्वर असलेला शब्द शोधा, हा प्रश्न तर फार जुना. ए, ई, आय, ओ, यू एकेकदाच आलेले शब्द आपल्या रोजच्या वापरात आहेत: 'एज्युकेशन' आणि 'इक्वेशन'. हेच स्वर ओळीने हवे असतील तर थट्टेखोर या अर्थाचा 'फेसीशस' आहे, स्पेलिंग एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. आणि उलट्या ओळीने हवे असतील तर आपल्या भारतीय उपखंडाला लागणारा शब्द घ्या, 'सबकॉन्टिनेन्टल'. यू, ओ, आय, ई, ए. अक्षरे चौदा.

हे काम आज संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. तो घरी असेल त्याने आपले उत्तर तपासण्यासाठी जरूर वापरावा, मात्र आधी वहीत उत्तर लिहून. परीक्षेच्या खोलीत तो बरोबर येत नाही.

आता ही पाच अक्षरे तुम्ही करून पाहा: सी, एफ, एल, टी, वाय. 'फॅकल्टी' लगेच सुचेल, थोड्या वेळाने 'डिफिकल्टी'. तेथे थांबू नका. एल-वाय हे क्रियाविशेषणाचे शेपूट आहे, ते शेवटी ठेवून पुढची जागा भरा. चौदा अक्षरांचे निदान दोन शब्द निघतात. एकाचा अर्थ समाधानकारकपणे, दुसऱ्याचा शास्त्रीय रीतीने.